पॉश शब्द बोटीच्या तिकिटावरून आलाय? नाही हो!

परत तो मेसेज फिरतोय. म्हणे इंग्रज साहेब बोटीने मुंबईला यायचे, लाल समुद्रात उकाड्याने जीव जायचा, म्हणून पैसेवाले येताना डावीकडची आणि जाताना उजवीकडची केबिन घ्यायचे, तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची आद्याक्षरं छापलेली असायची आणि त्यावरून पॉश. किस्सा झकास आहे, मीपण बरेच दिवस सांगत फिरलो, पण थाप आहे.

सावलीचं गणित बरोबर, ते आधीच मान्य करतो. सुएझ ओलांडून खाली आलं की बोटीचं तोंड आग्नेयेला, दुपारचं ऊन उजवीकडे, डावी बाजू त्यातल्या त्यात गार, आणि परतताना उलटं. पण गणित जमलं म्हणून शब्द तिथूनच आला असं थोडीच होतं!

मग तिकीट दाखवा की. या बोटी चालवणारी पी अँड ओ कंपनी १८३७ पासूनची, एवढ्या लोकांनी प्रवास केला, आणि तसा शिक्का असलेलं एक तिकीट सापडत नाही? कंपनीच्या दप्तरातही नोंद नाही.

आणि तारखा बघा ना. बोटीची गोष्ट छापून येते १९३० च्या दशकात. शब्द त्याच्या कितीतरी आधीचा, १९१८ मध्ये लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकातल्या व्यंगचित्रातला हवाईदलाचा अधिकारी आईला मजेत 'पॉश टाइम' गेला म्हणून सांगतोय, १८९० च्या सुमाराच्या स्लँग डिक्शनरीत पॉश म्हणजे पैसा आणि छानछोकी करणारा माणूस. शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची फॅशन मुळात विसाव्या शतकातली. (ऑफिसात एचआर ज्याचं ट्रेनिंग घेतं तो लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यावाला पॉश मात्र खरंच आद्याक्षरांचा, त्याचा याच्याशी संबंध नाही.)

मग आला कुठून? १८३० च्या आसपास लंडनच्या चोरांच्या बोलीत पॉश म्हणजे अर्धी पेनी, आणि ते आलं रोमानी म्हणजे युरोपातल्या जिप्सी लोकांच्या भाषेतून, तिथे पाश म्हणजे अर्धा. अर्ध्या पेनीवरून पैसा, पैशावरून ऐटबाज, हा शेवटचा सांधा पुराव्याने पक्का जोडलेला नाही म्हणून डिक्शनऱ्या अजून 'बहुधा' लिहितात. पण मला खरी गंमत वाटते ती पुढची, रोमानी भाषा मूळची आपल्याकडचीच, तो पाश संस्कृत पार्श्व म्हणजे बाजू यावरून आलेला, आणि आपण 'माझ्यापाशी ये' म्हणतो ना, त्यातलं पाशीपण त्याच पार्श्वचं.