विंचेस्टर वाड्यातली भुतं, एकदाची

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या ‘विंचेस्टर’ वाड्याचा फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि मावशीने तिथेच राहणाऱ्या लेकीला फोन करून बजावलं, त्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही. फॉरवर्ड असा: विंचेस्टर बंदुकांनी मेलेल्यांचे आत्मे कारखानदाराच्या विधवा सुनेच्या, सारा विंचेस्टरच्या मागे लागले. बॉस्टनच्या मांत्रिकाने सांगितलं, बांधकाम थांबलं की तू मेलीस. म्हणून तिने 38 वर्षं रात्रंदिवस घर बांधलं आणि भुतांना चकवायला आंधळे जिने केले.

आधी आकडा. साराने आठ खोल्यांचं शेतघर घेतलं 1886 मध्ये, ती गेली 1922 मध्ये. वजाबाकी करा. ‘रात्रंदिवस’ही थाप. मेरी जो इग्नॉफो या तिच्या चरित्रकार. त्यांनी साराची पत्रं तपासली, आणि त्यांत बाई दमून कामगारांना महिनोन्‌महिने सुट्टी देताना दिसते. मांत्रिकाचा त्यांना काही पुरावा सापडला नाही. विषय संपला.

आता जिने. एका जिन्याला 44 पायऱ्या, सात वळणं, आणि चढ जेमतेम नऊ-दहा फूट. म्हणजे पायरी दोन-अडीच इंचांची. साराला संधिवात होता हो! सोसायटीचा जिना कठड्याला धरून चढणाऱ्या आमच्या मावशीला तरी हे कळायला हवं होतं. छताला भिडणारे जिने आणि बाहेर पोकळीत उघडणारी दारं आहेत, ते मान्य. पण 1906 च्या भूकंपात सात मजली मनोरा कोसळला, वरचे मजले गेले. तिने राडारोडा काढला, पुन्हा बांधलं नाही. मजला गेला, जिना उरला.

घर विचित्रच आहे, 160 च्या आसपास खोल्या. त्या बंदुकांनी माणसं मेली हेही खरं. म्हणून बाई झपाटलेली? तान्ही मुलगी 1866 मध्ये गेली, नवरा 1881 मध्ये क्षयाने. एकटी, पैसेवाली, कुणाला घरात न घेणारी विधवा. तिच्याबद्दल गाव काय बोलतं हे आपल्याला शिकवायला नको. वर्तमानपत्रांनी ते तिच्या हयातीतच छापलं. नवऱ्याच्या नावाने कनेटिकटमध्ये क्षयाचं इस्पितळ तिच्याच पैशांतून उभं राहिलं, ते मात्र फॉरवर्डमध्ये नाही.

ती गेल्यावर वर्षाच्या आत, 1923 मध्ये, करमणूक पार्कांच्या धंद्यातल्या जॉन ब्राउन यांनी घर भाड्याने घेऊन तिकीट लावलं. इस्पितळाचं तिकीट कोण काढणार होतं?