'मॅग्नोलिया', आमची गच्ची आणि कापायची वीस मिनिटं

गेल्या शनिवारी आमच्या गच्चीवर एका सिनेमावरून अशी जुंपली की खालच्या मजल्यावरच्या काकांनी फोन करून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" ठीकच होतं. पॉल थॉमस अँडरसनचा 'मॅग्नोलिया' नुकताच संपला होता.

(स्पॉयलर आहेत, ढीगभर आहेत. पण सिनेमा १९९९ चा आहे. एवढ्या वर्षांत बघितला नसेल तर माझ्या नावाने बोटं मोडू नका.)

महिन्यातून एकदा आम्ही घरचे-दारचे मिळून प्रोजेक्टर लावतो. दोरीला पांढरी चादर, खाली चटया, मध्ये भडंगाचं पातेलं. या वेळची निवड माझी, त्यामुळे शिव्याही माझ्याच वाट्याला. लांबी १८८ मिनिटं. सिनेमात मध्यंतर नाही, ते आम्हीच दीड तासाने पाडलं. चहा आणतो म्हणून दोघं जिना उतरले ते परत वर आलेच नाहीत, आणि चहाही आला नाही. उरलो पाच जण. मी, नवरा, धाकटा भाऊ, भावजय आणि यवतमाळहून आलेली मावशी. मावशी सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. "इंग्रजी पिक्चर आहे, मी मधून मधून मराठीत सांगत जाईन" असं म्हणून मी तिला वर आणलं होतं. खरं तर ती गार वाऱ्याला आली होती.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, म्हणजे जमेल तितकं थोडक्यात. लॉस एंजेलिसचं सॅन फर्नांडो व्हॅली नावाचं उपनगर, एक दिवस, आणि नऊ-दहा माणसं. टीव्हीवर लहान मुलांचा एक प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम आहे आणि जवळजवळ प्रत्येकाचा धागा कुठून तरी त्याला लागतो. कार्यक्रमाचा जुना निर्माता अर्ल कॅन्सरने अंथरुणाला खिळलाय. त्याचा सूत्रसंचालक जिमी, त्यालाही कॅन्सर. अर्लने टाकून दिलेला मुलगा फ्रँक पुरुषांना 'बायका कशा पटवाव्या' याची शिबिरं घेतो. तो टॉम क्रूझ. जिमीची मुलगी कोकेनच्या आहारी गेलीये. एक साधाभोळा पोलीस आहे, ज्याचं पिस्तूल हरवतं. पूर्वी हाच कार्यक्रम जिंकलेला आणि आता चाळिशी ओलांडलेला डॉनी आहे आणि आता जिंकत असलेला पोरगा स्टॅन्ली आहे. सगळे एकाच दिवशी मोडतात. मग आकाशातून बेडूक पडतात.

हो, बेडूक. त्यांच्याकडे येते.

भावाचं म्हणणं, हा सिनेमाच नाही, नऊ सिनेमांचे ट्रेलर एकावर एक रचलेत. नवऱ्याचं म्हणणं, ग्रेट आहे, पण पुन्हा बघायला सांगू नकोस. भावजय शेवटची चाळीस मिनिटं रडत होती, त्यामुळे तिचं म्हणणं कळायला वेळ लागला. ही फूट काही आमच्या गच्चीपुरती नाही. २००० साली बर्लिनच्या महोत्सवात याला सर्वोच्च मान मिळाला, गोल्डन बेअर. त्याच वर्षी ऑस्करला तीन नामांकनं होती, टॉम क्रूझला, पटकथेला आणि एका गाण्याला. हाती लागलं शून्य. आजही कुणासमोर या सिनेमाचं नाव काढा, एक जण छातीवर हात ठेवतो आणि दुसरा जांभई देतो. आणि छातीवर हात ठेवणारा जांभई देणाऱ्याला म्हणतो, "तुला कळलाच नाही." या वाक्याची मला मनस्वी चीड आहे. कळलाय हो. कळूनच कंटाळा आलाय.

भावाने तर फोनवर शोधून काढलं की खुद्द अँडरसननेच पुढे मुलाखतीत कबूल केलंय, सिनेमा फार लांबला, आता असता तर कापला असता. ते त्याने असं वाचून दाखवलं जसा काही कोर्टात कबुलीजबाब. मी म्हटलं, अरे, तो सिनेमा करत होता तेव्हा जेमतेम अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा होता. आधीचा 'बूगी नाइट्स' गाजलेला, त्यामुळे स्टुडिओने शेवटची कात्री त्याच्याच हातात दिलेली. आणि १९९७ मध्ये त्याचे वडील कॅन्सरने गेलेले. ते टीव्हीवरचे नावाजलेले निवेदक होते. आता सिनेमा बघ: दोन म्हातारे बाप, दोघेही टीव्हीतले, दोघांनाही कॅन्सर. त्या वयात, त्या दुःखात, कात्री हातात असून कोण कापेल? पन्नाशीच्या माणसाने एकोणतिशीतल्या स्वतःला दिलेला सल्ला बरोबर असेलही, पण त्या सल्ल्याने हा सिनेमा झालाच नसता.

तरी भावाची बाजू मी पूर्ण सोडत नाही. माझ्या मते दुखणं लांबीचं नाहीच, लयीचं आहे. रॉबर्ट ऑल्टमनचा 'शॉर्ट कट्स' १९९३ चा, तेच शहर, तशीच एकमेकांत गुंतलेली पुष्कळ माणसं, तोही तीन तासांहून लांब. म्हणजे लांबीत फरक जवळजवळ नाहीच. तो रमतगमत मध्यलयीत चालतो, त्यामुळे कुणाला धाप लागत नाही. 'मॅग्नोलिया'त विलंबित नाहीच. पहिल्या दहा मिनिटांत द्रुत लागते आणि गवई तिथून खाली यायला तयार नाही. सगळे ओरडतायत, कॅमेरा धावतोय, आणि खाली पार्श्वसंगीत एका प्रसंगातून दुसऱ्यात तसंच वाहत राहतं, श्वास घ्यायला जागा म्हणून नाही. ज्यांना हे सहन होतं त्यांना तो ताण म्हणजेच सिनेमा वाटतो. ज्यांना होत नाही त्यांचं डोकं दुखतं. दोघांनाही दिसतंय तेच दिसतंय.

मग नवऱ्याने डोकं चालवलं. म्हणाला, "ठीक आहे, वीस मिनिटं कापायची. प्रत्येकाने आपापली सांगा." इथून खरी मजा सुरू झाली.

नवरा स्वतः म्हणाला, सुरुवात काढा. सुरुवातीला योगायोगाचे तीन किस्से आहेत, मूळ गोष्टीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. त्यावर भाऊच उसळला, की तेवढाच भाग मला आवडला! (खरं आहे. आत्महत्या करायला गच्चीवरून उडी मारलेला मुलगा पडता पडता खालच्या खिडकीतून आईच्याच बंदुकीच्या गोळीने मरतो, तो किस्सा एकदा ऐकला की विसरत नाही. तो घडलेला नाही, न्यायवैद्यकातल्या एका तज्ज्ञाने भाषणात रचून सांगितलेला आहे. पण सिनेमा तो शपथेवर सांगतो.) आणि ते किस्से काढले तर शेवटच्या बेडकांना पाया राहत नाही.

भावजय म्हणाली, ती टॉम क्रूझची शिबिरं काढा, किळस येते. नवरा म्हणाला, किळस आली नाही तर पुढे तो बापाच्या उशाशी दात-ओठ खात रडतो तेव्हा तुला काय वाटणार? चौदा वर्षांचा असताना आजारी आई एकट्याने सांभाळली, बाप फिरकला नाही. तो मुलगा पुढे असलं काहीतरी होतो. हे नुसतं तोंडाने सांगून चालत नाही.

भाऊ म्हणाला, डॉनी काढा. मीही मान डोलावली. डॉनीला दातांना तारा बसवायच्यात. दात वाकडे नाहीत. बारमध्ये ज्या पोरावर त्याचा जीव जडलाय त्या पोराच्या दातांना तारा आहेत, एवढंच कारण. त्यासाठी तो मालकाच्या दुकानात चोरी करतो. मग खांबावर चढलेला असताना तोंडावर बेडूक आपटतो, डॉनी खाली पडतो आणि दात खरोखरच फुटतात. एवढं बोलून झाल्यावर भाऊच गप्प झाला. "हं," म्हणाला, "हा राहू दे."

माझी वीस मिनिटं ज्युलिअन मूरची. अर्लची तरुण बायको औषधाच्या दुकानात जाते. तिच्या चिठ्ठ्यांवरची औषधं बघून दुकानदार आडूनआडून चौकशा करतो आणि ती अख्खं दुकान दणाणून सोडते. मला हा प्रसंग नेहमीच नाटकी वाटलाय. तोवर भडंग निवडत बसलेली मावशी पहिल्यांदा बोलली. "मॉर्फिन आणायला कधी गेली होतीस का तू? मग राहू दे." आमच्याकडे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर मॉर्फिन ठेवणंच दवाखान्यांना नको झालं होतं, २०१४ मध्ये तो कायदा थोडा सैल केला. मावशीची सगळी नोकरी २०१४ च्या आधीची. चिठ्ठी हातात असलेल्या माणसाकडे लोक कसे चोरासारखे बघतात, हे तिने किती वेळा पाहिलं असेल कोण जाणे. तिने आकडा सांगितला नाही. मी माझी वीस मिनिटं मागे घेतली.

"तू काय कापशील, मावशी?" भावाने विचारलं.

"काही नाही. तुमच्या त्या माणसानं आधीच कापलंय काहीतरी. तो गाणं म्हणणारा पोट्टा पोलिसाले खून कोणी केला ते सांगत होता ना, त्याचं काय झालं पुढे?"

आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. खरंच आहे. तो धागा चित्रित केला होता आणि संकलनात बहुतेक सगळा गेला. तीन तास आठ मिनिटांच्या सिनेमात एक आख्खी गोष्ट लोंबकळतेय, आणि ती दिसली कुणाला, तर इंग्रजी न कळणाऱ्या मावशीला.

गाण्याचं राहिलंच. बरंच पुढे गेल्यावर कुठेतरी प्रत्येक पात्र आपापल्या जागी एकच गाणं गायला लागतं. मरणाच्या दारातला अर्लही. गायिका एमी मॅनचं गाणं आहे. अँडरसनने हा सिनेमाच तिच्या गाण्यांवरून सुचत सुचत लिहिला, जिमीच्या मुलीच्या, क्लॉडियाच्या तोंडचं एक वाक्य तर सरळ तिच्या गाण्यातून उचललंय. तिकडे याच जागी पुष्कळांचा धीर सुटला. पात्रं अशी अचानक गातात का कुठे? आमच्या गच्चीवर एकालाही तो प्रश्न पडला नाही. आपल्याकडे नायक दिल्लीत, नायिका काश्मीरात आणि गाणं एकच, यावर तीन पिढ्या पोसल्यात. ज्यांच्या आजोबांनी रात्र रात्र वन्समोर घेत संगीत नाटकं बघितली त्यांना लांबीचं तरी काय सांगता? उलट भावजय म्हणाली, "एवढंच? एकच गाणं?"

आता बेडूक. सगळ्यात मोठं भांडण यावरच असतं. काहींना तो चमत्कार वाटतो, काहींना लेखकाने टेकलेले हात. बायबलच्या निर्गम या पुस्तकात आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या ओवीत बेडकांची धमकी आहे, म्हणून सिनेमाभर आठ आणि दोन पेरलेत. हवामानाच्या अंदाजात पावसाची शक्यता ८२ टक्के, कार्यक्रमाच्या प्रेक्षकांत कुणाच्या तरी हातात 'निर्गम ८:२' असा फलक. हे आकडे शोधण्याचा छंद असलेल्यांनी शोधावेत, मला त्यात फारसा रस नाही. मला आवडतो तो स्टॅन्ली. ग्रंथालयात बसून तो खिडकीतून बेडूक बघतो आणि शांतपणे म्हणतो, असं होतं, असं घडत असतं. दिवसभर त्याला लघवीला जाऊ दिलेलं नाही, कॅमेऱ्यासमोर चड्डी ओली झालेली आहे, आणि आता हे. त्या दिवसात त्याच्या वाट्याला आलेली चांगली गोष्ट म्हणजे हा बेडकांचा पाऊस.

मावशी हसत होती. "आमच्याकडे धोंडी काढायचे पोट्टे. काठीले बेडूक बांधायचा, कडुलिंबाचा पाला, अन् दारोदार धोंडी धोंडी पाणी दे. आम्ही बेडकाजवळ पाऊस मागायचो. यांनी पावसाजवळ काय मागितलं होतं बापा?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं, भावाकडेसुद्धा नाही.

खरं सांगायचं तर मला हा सिनेमा का सोडवत नाही, त्याचं कारण बेडूक नाहीत आणि टॉम क्रूझही नाही. अर्लचा नर्स फिल. तो फिलिप सीमोर हॉफमन. अर्लची शेवटची इच्छा म्हणून त्याला फ्रँकला शोधायचंय, पण नंबर नाही. मग तो दुकानात फोन करतो: पीनट बटर, सिगारेट, ब्रेड. आणि मग हळू आवाजात, चोरट्यासारखी, तीन नंगी मासिकं. कारण फ्रँकच्या शिबिरांची जाहिरात तिथेच सापडणार. तिथला नंबर लावतो, ताटकळतो. औषधाच्या गोळ्या हातून सांडतात, कुत्री त्या चाटायला लागतात, फोन कानाला तसाच. समोरच्या अनोळखी माणसाला तो म्हणतो, मला माहितीये हे सिनेमातल्यासारखं वाटतंय, त्या प्रसंगासारखं. पण असे प्रसंग खरंच घडतात म्हणूनच सिनेमात असतात ना. अर्ल झालेला जेसन रोबर्ड्स २००० च्या डिसेंबरात गेला, हा त्याचा शेवटचा सिनेमा. पडद्यावरचा तो श्वास बघताना ही गोष्ट डोक्यातून जात नाही. फिल त्याच्या तोंडात मॉर्फिनचे थेंब सोडतो तेव्हा स्वतः रडत असतो. हा भाग मावशीला मी मराठीत सांगायला गेले तर तिने हाताने मला थांबवलं.

साडेबाराला आम्ही चादर सोडली. भाऊ अजून "लांबच आहे" म्हणत होता, भावजय त्याच्याशी बोलत नव्हती. मावशीचा गुडघा दुखतो म्हणून मी तिच्याबरोबर एकेक पायरी उतरत होते. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली.

"काहून गं, त्या सिस्टर पोट्ट्याले घरदार काही दाखवलं नाही?"

"नाही."

"अन् तो ब्रेड मागवला होता ना त्यानं. पैसे पण दिले." कठडा धरून तिने पुढची पायरी घेतली. "खाल्ला नाही त्यानं."