खानावळवाल्या बायकांचंही लिहा

मुंबईच्या इराणी हॉटेलांवरचा हा लेख आवडला. कयानी १९०४ पासून अजून चालू आहे, धोबी तलावाजवळचं बस्तानी मात्र गेलं, याचं वाईट वाटतं. पण स्वस्तात पोट भरण्याची मुंबईची गोष्ट गिरणगावाशिवाय पुरी होऊच शकत नाही!

कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार लालबाग-परळच्या चाळींत कुणा बाईंकडे महिन्याच्या बोलीवर जेवायचे. पगार झाला की हिशेब. तोवर किराणा भरायला या बायका सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे उचलायच्या. कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. माझ्या मते हे काम कुठल्याही नावाजलेल्या हॉटेलापेक्षा मोठं आहे.

१९८२ च्या संपानंतर गिरण्याच बंद पडत गेल्या, मग जेवायला येणार कोण? वडापाव टिकला (तो दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी सुरू केला असं मानतात), पण घरची भाकरी-आमटी देणाऱ्या त्या खानावळींचे फोटोसुद्धा फारसे दिसत नाहीत. त्या चालवणाऱ्या काही आजी अजून असतील. पुढचा लेख त्यांच्याशी बोलून लिहा, ही मनापासून विनंती.