गुडघ्याचा खर्च ऑपरेशनच्या आधीच होतो

सांगली-साताऱ्याकडच्या ग्रुपांवर गुडघेदुखीचा एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: ‘हा म्हातारपणाचा आजार. खर्च फक्त ऑपरेशनचा, चार-पाच लाख. तोवर दोन रुपयांची गोळी, गावठी पावडर आणि आराम. नाहीच भागलं तर वंगणाचं इंजेक्शन.’ एकेक बघू.

‘खर्च फक्त ऑपरेशनचा.’ हळदीच्या रानात भांगलणारी बाई दिवसभर उकिडवी असते आणि गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो तो तिथेच. महिन्याला चार खाडे पडले तरी वर्षाचे ४८ रोज बुडतात. वर मिरजेची एसटी, सोबत येणाऱ्या लेकाचा रोज आणि दर डॉक्टरागणिक नवा एक्स-रे. यातलं बरंचसं कुठल्याच बिलावर येत नाही, म्हणून मेसेजवाल्याला दिसत नाही. एक्स-रे पहिल्यांदाच उभं राहून काढा. झोपून काढलेल्यात सांध्यातली फट किती कमी झाली ते नीट कळत नाही, मग परत काढावा लागतो. काढलेला जपून ठेवा. सायकल कोळप्यानं उभ्यानं होईल तेवढी भांगलण उभ्यानंच करा आणि संडासात कमोडची खुर्ची ठेवा.

‘दोन रुपयांची गोळी.’ डायक्लोफेनॅकसारखी गोळी रोज घेतली की पोटात व्रण, वाढलेलं बीपी आणि मूत्रपिंडाला इजा असा धोका. बीपीची टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिसरी ही नकोच. घ्यायचीच वेळ आली तर डॉक्टरांना विचारून आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) बघून. गुडघ्याला आधी मलम. १ टक्का डायक्लोफेनॅक जेलची पूर्ण मात्रा एका गुडघ्याला ४ ग्रॅम, दिवसातून ४ वेळा. म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही पुरत नाही. लोक मटाराएवढं लावतात आणि ‘गुण नाही’ म्हणून गोळीवर जातात. ट्यूब मोठी आणि जेनेरिक घ्या. लावल्यावर शेक किंवा पट्टी नको.

‘गावठी पावडर.’ दोन दिवसांत दुखणं गायब झालं तर पुडीत स्टेरॉइड असल्याची शंका घ्या. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. महिनोन्‌महिने घेतलेली पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

‘आराम करा, चालल्यानं झीज वाढते.’ सगळ्यात महाग पडणारा सल्ला हाच. बसून राहिलं की मांडीचा पुढचा स्नायू वाळतो आणि भार थेट सांध्यावर येतो. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती ५ सेकंद खाली दाबा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. जमू लागलं की उंच खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठा-बसा. फरक पडायला ६ ते ८ आठवडे लागतात आणि बहुतेक जण दुसऱ्याच आठवड्यात सोडतात. व्यायामानंतर थोडं दुखून दुसऱ्या दिवशीपर्यंत शमलं तर चालू ठेवा. सूज आली तर निम्मं करा. वजन १ किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची.

‘वंगणाचं इंजेक्शन.’ ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०२२ च्या सूचना हायलुरोनिक, म्हणजे हेच वंगणाचं इंजेक्शन, आणि सांध्यासाठी विकलं जाणारं ग्लुकोसामाइन, दोन्ही देऊ नका म्हणतात. सांध्यातल्या स्टेरॉइड इंजेक्शनानं काही आठवडे आराम पडतो, तेवढंच.

राहिलं गुडघा बदलण्याचं ऑपरेशन. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम धातूच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी. म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी मागा आणि त्याचे स्टिकर फाइलला लावून घ्या. ‘दहा वर्षांत परत करावं लागतं’ हीही भीती फिरते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०१९ च्या अभ्यासात पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षांनंतरही टिकून होते. महात्मा फुले जनआरोग्य योजना कॅशलेस आहे. तुमची शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेत बसते का, हे भरती होण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, विचारा. ऑपरेशननंतरच्या फिजिओथेरपीचे पैसे मात्र आधीच बाजूला काढा. ती टाळली की बदललेला गुडघाही आखडतो.