"तालीम केलीय म्हणे!"

आज सकाळी साडेसातला उपाशीपोटी लॅबमध्ये बसलो होतो. हातात टोकन, पोटात कावळे. शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ, पोटावरची बटणं रडकुंडीला आलेली. रक्त घेणाऱ्या मुलीनं फॉर्म भरताना विचारलं, "काका, व्यायाम करता?" त्यावर हे छाती काढून म्हणतात, "आम्ही तालमीतली माणसं पोरी. पाचपाचशे बैठका मारल्यात. आम्हाला काय धाड भरतीय!"

आणि बाहेर पडल्या पडल्या गाडीला किक. कुठं, तर समोरच्या गल्लीत मिसळ खायला. शंभर पावलंसुद्धा नसतील. पीपीसाठी, म्हणजे खाल्ल्यानंतरच्या साखरेच्या तपासणीसाठी, खायचंच आहे म्हटल्यावर कटाला कोण आडवं येणार?

तिथं काही बोललो नाही. दिवसभर डोक्यात घोळतंय म्हणून इथं लिहितोय. कुणाला लागलं तर लागू दे.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्या आण्णांच्या तोंडून. आण्णा म्हणजे थोरले चुलते. तरुणपणी पहाटे चारला कोल्हापुरात गंगावेशीत तालमीत. हौदा, म्हणजे कुस्तीची माती, खणायचा, जोर मारायचे, वस्तादांचा मार खायचा. मग लग्न झालं, गुळाच्या अडतीवर गादीवर बसले आणि मेहनत सुटली. खुराक मात्र सुटला नाही. संध्याकाळी दूध कट्ट्यावर डोळ्यासमोर पिळलेलं म्हशीचं दूध, एक नव्हे, दोन ग्लास. वर तूप, बदाम, आणि रविवारी तांबडा-पांढरा तर ठरलेलाच. काकू काही बोलल्या की एकच उत्तर, "व्यायाम करून ठेवलाय मी."

करून ठेवलाय! जसं काही पतसंस्थेत मुदत ठेव.

अहो, व्यायाम ठेवता येत नाही. स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न बघता ओढून घेतात. नंतर फार तर एक-दोन दिवस इन्सुलिनलाही शरीर जरा बरी दाद देतं. मग पुन्हा पहिले पाढे. १९७२ सालच्या बैठका २००२ सालच्या साखरेला कुठून पुरणार? आण्णांना बावन्नाव्या वर्षी शुगर निघाली. तरी दूध कट्टा सुरूच. २००८ साली पायाला खडा टोचला तो कळलाच नाही, कारण साखरेनं पायाची जाणीवच गेली होती. अंगठा काढावा लागला.

आणि गाव काय करतंय? गाव अभिमान बाळगतंय. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, १९१२ साली ते खुलं झालं. पैलवान खाशाबा जाधव इथल्या राजाराम कॉलेजात शिकले, १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकहून कांस्यपदक घेऊन आले. सगळं खरं, ऊर भरून येतो. पण त्यांच्या घामावर आपण दुसऱ्या मजल्याला लिफ्टनं जायचं का? गणपतीत मिरवणुकीपुढं नाचलो हा आपला वर्षाचा व्यायाम. कुणी पहाटे चालायला निघाला की कट्ट्यावरून हाक येते, "काय भावा, डॉक्टरनं सांगितलं काय?"

हो, कुणी म्हणेल, रोज पळणाऱ्यालाही ॲटॅक येतो. येतो बाबा. आनुवंशिकताही असते. मान्य, पुढं चला.

माझे बाबा म्हणजे आण्णांचे धाकटे भाऊ. ते केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बसवर, कंडक्टर होते. अंगानं काडी. आण्णा त्यांना चारचौघांत 'काडीपैलवान' म्हणायचे. बाबांनी जन्मात एक जोर मारला नाही, पण आठ-आठ तास भरल्या बसमधून पुढं-मागं, पुढं-मागं. आज चौऱ्याहत्तरीत रंकाळा तळ्याला चालत जाऊन चालत येतात, बीपीची एक गोळी सोडली तर औषध नाही. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं डबलडेकर बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना १९५३ साली छापली होती. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी निघाला. बाबांच्या बसला वरचा मजला नव्हता, पण पेठेतली गर्दी होती.

एक सांगतो, हा राग सगळ्यांवर नाही. चार घरची धुणीभांडी करून आलेल्या बाईला, शिरोलीच्या कारखान्यात नाइट शिफ्ट करून आलेल्या पोराला मी 'जरा चालत जा' म्हणणार नाही. माझी जीभ झडेल. चालायला फुटपाथ तरी कुठं मोकळा आहे? तिथं गाड्या लावलेल्या असतात, त्याही आपल्याच. मी बोलतोय ते आपल्याबद्दल, ज्यांना रात्री जेवून दीड तास मोबाइल बघायला सवड मिळते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालायला सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काहीतरी. रोजची बावीस मिनिटं झाली. आपला एक चहा तेवढ्यात संपत नाही.

आण्णांचं अर्धंच सांगितलं. जखम भरली, डॉक्टरांनी खास चप्पल दिली, चालायला परवानगी मिळाली. एक दिवस सकाळी आमच्या दारात उभे. म्हणाले, "बाळ, रंकाळ्यावर येतोस काय? एकट्याला भ्या वाटतंय." ज्या माणसानं आयुष्यभर शड्डू ठोकला, त्याच्या तोंडून 'भ्या' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पहिल्या दिवशी एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत. तेवढ्यात दम लागला, बसून पाण्याकडं बघत राहिले. आठवड्यानं तिसरं बाक. चार महिन्यांनी इन्सुलिनचे सहा युनिट कमी झाले. कट्ट्यावरचं दूध एका ग्लासावर आलं, तेही काकूंना दाखवून. 'करून ठेवलाय' हे पुन्हा कधी बोलले नाहीत. गेले ते २०१६ ला, पण शेवटची आठ वर्षं स्वतःच्या पायानं फिरले, नऊ बोटांवर.

त्यामुळं सकाळचं ते वाक्य ऐकून डोकं फिरलं.

आता राहिलेलं सांगूनच टाकतो. त्या गृहस्थांच्या मागं माझा नंबर होता. पोरीनं मलाही तेच विचारलं, "काका, व्यायाम करता?" पाच महिन्यांत मी रंकाळा गाडीवरून बघितलाय फक्त. तरी तोंडातून आलं, "कॉलेजात फुटबॉल खेळायचो की. पेठेच्या टीममध्ये होतो."

तिनं मान खाली घालून फॉर्मवर 'नाही' लिहिलं.