सहा लीग जिंकल्या म्हणून सहा नंबरबद्दल विचारायचंच नाही?

‘पेपला कळत नाही आणि तुला कळतं?’

मँचेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या, म्हणजे प्रशिक्षक पेप ग्वार्डिओलाच्या संघबांधणीबद्दल तोंड उघडलं की दुसऱ्या मिनिटाला हे वाक्य अंगावर येतं. प्रश्न कोणत्या जागेबद्दल होता, आकडा काय दिला होता, कुणाला देणंघेणं नाही. सात हंगामांत सहा प्रीमियर लीग, त्यातल्या शेवटच्या चार सलग, २०१७-१८ चे १०० गुण, २०२३ ची ट्रेबल (एकाच हंगामात लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग), ही यादी तोंडावर फेकायची आणि विषय बंद. अरे बाबांनो, ती यादी सगळ्यांना पाठ आहे. ती खोटी आहे असं कुणी म्हणतच नाही. पण सहा नंबर, म्हणजे बचावाच्या पुढे उभा राहणारा मिडफिल्डर रॉड्री जखमी झाला तर त्याच्या जागी कोण, या प्रश्नाचं ‘सहा लीग’ हे उत्तर होऊ शकत नाही. उत्तर म्हणजे एका खेळाडूचं नाव. २०२४ च्या ऑगस्टमध्ये असं नाव सिटीकडे नव्हतं, आणि विचारणाऱ्यालाच गद्दार ठरवण्यात सगळा उन्हाळा गेला.

धोका लपलेला होता असंही नाही. २०२३-२४ मध्ये सिटी लीगमध्ये फक्त तीन सामने हरली: वुल्व्ह्स, आर्सेनल आणि ॲस्टन व्हिला. तिन्ही वेळा रॉड्री निलंबित होता. पहिले दोन सामने नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्धच्या लाल कार्डामुळे हुकले, तिसरा पिवळी कार्डं साठल्यामुळे. तो असताना शून्य पराभव, नसताना तीन. याहून ढळढळीत इशारा कोणता हवा? शिवाय त्या वसंतात त्याने स्वतः जाहीरपणे विश्रांती हवी असल्याचं सांगितलं होतं. त्यानंतरही तो क्लबसाठी खेळतच राहिला, मग स्पेनसाठी युरो खेळला आणि अंतिम सामन्यात मध्यंतरालाच दुखापतीमुळे बाहेर आला. हे सगळं डोळ्यांसमोर घडलं. आणि त्या ट्रान्सफर विंडोत, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या मुदतीत, सिटीने डिफेन्सिव्ह मिडफिल्डर घेतला का? नाही. बार्सिलोनाहून ३३ वर्षांचा गुंडोआन फुकट परत आला आणि सगळे टाळ्या वाजवत बसले. केल्व्हिन फिलिप्स, ज्याला २०२२ मध्ये याच जागेसाठी चार कोटींहून अधिक पौंड मोजून आणलं होतं, तो इप्सविचला उधारीवर गेला.

२२ सप्टेंबर २०२४. आर्सेनलविरुद्ध रॉड्रीच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. हंगाम संपला.

पुढचा महिनाभर तर ‘बघा, त्याच्याशिवाय पण जिंकतोय’ हे ऐकावं लागलं. जिंकत होतो कसे? फुलहॅमविरुद्ध ३-२. वुल्व्ह्सविरुद्ध ९५ व्या मिनिटाला स्टोन्सच्या डोक्यावरून. साउदॅम्प्टनविरुद्ध घरच्या मैदानावर १-०. सामना बघणाऱ्याला तेव्हाच दिसत होतं की मधला भाग उघडा पडतोय. मग ३० ऑक्टोबर ते २६ डिसेंबर या काळात १३ सामने झाले: एक विजय, तीन बरोबरी, नऊ पराभव. सलग ३२ लीग सामने न हरलेला संघ बोर्नमथमध्ये हरला आणि मग हरतच गेला. नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षकाचा करार २०२७ पर्यंत वाढला आणि दोनच दिवसांनी टॉटनहॅमने घरच्या एतिहाद मैदानावर ०-४ ने धुतलं.

‘दुखापती झाल्या, नशीब फुटकं’ म्हणणाऱ्यांनी हे सामने पुन्हा एकदा बघावेत. रॉड्रीचं खरं काम चेंडू जाण्याआधी सुरू होतं. सिटी चढाईत असते तेव्हा विंगर बाजूच्या रेषेला चिकटलेले, दोन्ही आठ नंबर (चढाई करणारे मिडफिल्डर) पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशी, एक फुलबॅक आत आलेला. मागे उरतात दोन-तीन सेंटरबॅक आणि त्यांच्या पुढे एकटा रॉड्री. चेंडू हातचा गेला की पहिल्या चार-पाच सेकंदांत कुणीतरी समोरच्याला अडवायचं, छोटा फाउल करायचा, निदान चाल मंद करायची, म्हणजे बाकीचे परत येतात. हे तो उभा कुठे राहतो यावरच निम्मं होऊन जातं. त्याच्या जागी उतरलेला कोव्हाचिच उत्तम खेळाडू आहे, पण तो चेंडू घेऊन पुढे जाणारा, आणि तो पुढे गेला की त्याची जागा रिकामी. गुंडोआनची कला बॉक्समध्ये उशिरा पोहोचण्याची. ३४ व्या वर्षी त्याला उलट दिशेने ४० मीटर धावायला लावणं हा त्याच्यावरही अन्याय होता. रिको लुईस आत आला की उजवी बाजू मोकळी. आणि बचावाची रेषा मात्र तशीच, मैदानाच्या मध्याजवळ. एक पास वरून टाकला की सेंटरबॅक स्वतःच्या गोलकडे तोंड करून पळताहेत.

म्हणूनच गोल कधी खाल्ले ते बघा. ब्रायटनला १-० ने पुढे असताना ७८ आणि ८३ व्या मिनिटाला. फायनूर्डविरुद्ध ७५ व्या मिनिटापर्यंत ३-० आणि शेवट ३-३. युनायटेडविरुद्ध १-० वरून ८८ आणि ९० व्या मिनिटाला. फेब्रुवारीत घरच्या मैदानावर रेआल माद्रिदला २-१ ने पुढे असताना ८६ आणि ९२ व्या मिनिटाला. एकदा होतं ते दुर्दैव म्हणू. प्रत्येक वेळी शेवटच्या पंधरा मिनिटांत पाय आणि मधला माणूस दोन्ही कमी पडत असतील, तर ते यादी कागदावर लिहितानाच ठरलेलं होतं.

आणि यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी, की खुद्द ग्वार्डिओलाने हे मान्य केलं. जानेवारी २०२५ मध्ये तो उघड बोलला: उन्हाळ्यात क्लब नवे खेळाडू घ्यायचा विचार करत होता, मीच नको म्हणालो, माझा याच मुलांवर भरवसा होता, दुखापती झाल्यावर वाटतं, घ्यायला हवे होते. संपलं! ज्याच्या नावाने तुम्ही लोकांची तोंडं बंद करत होता, त्याने स्वतःच सांगितलं की चुकलं. आणि तरीही ‘त्याच्या डोक्यात काहीतरी प्लॅन असणार’ म्हणणारे आजही भेटतात. माणसाला देव्हाऱ्यात बसवलं की त्याचं बोलणंही ऐकू येईनासं होतं बहुतेक.

बरं, पहिल्यांदाच घडलं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. २०१९ चा उन्हाळा आठवा. कोंपनी गेला, त्याच्या जागी सेंटरबॅक घेतला नाही. ३१ ऑगस्टला लापोर्तचा गुडघा गेला. फर्नांडिन्योला, म्हणजे तेव्हाच्या सहा नंबरला, मागे सेंटरबॅक खेळवावं लागलं. एक भोक बुजवताना दुसरं पडलं. लीगमध्ये नऊ पराभव, ८१ गुण. लिव्हरपूल ९९ गुणांसह विजेता. पुढच्या हंगामात लेस्टरने घरात येऊन ५-२ ने हरवल्यावर रुबेन डियास आला आणि त्याच वर्षी लीग परत मिळाली. पाच वर्षांच्या अंतराने तीच चूक: कण्यातली एक जागा, तिला पर्याय नाही, एक गुडघा, आणि हंगाम बाद. अशा वेळी प्रश्न विचारणं म्हणजे निष्ठा नसणं कसं काय होतं?

‘पैशांचे नियम आडवे आले’ ही सबबही चालणार नाही. त्याच उन्हाळ्यात हुलियान आल्वारेझ अॅटलेटिकोला गेला, सगळ्या अटी पूर्ण झाल्या तर आठ कोटींहून जास्त पौंड. त्याला रिव्हर प्लेटकडून आणलं होतं सुमारे दीड कोटीत. म्हणजे हिशेबात प्रचंड नफा. आणि विकत घेताना पूर्ण रक्कम एका वर्षात धरली जात नाही. करार जितक्या वर्षांचा तितके समान भाग होतात, फार तर पाच. पाच कोटींचा खेळाडू पाच वर्षांवर घेतला तर वर्षाला एक कोटी, अधिक पगार. आल्वारेझच्या पैशात एक सहा नंबर आणि स्ट्रायकर हालांडला एक पर्याय, दोन्ही सहज बसले असते. (हालांडलाही पर्याय उरला नव्हता. त्यावर तर कुणी बोललंच नाही.)

मग जानेवारीत मार्मूश, खुसानोव्ह, व्हितोर रेस आणि शेवटच्या दिवशी निको गोन्झालेझ. चौघांवर सतरा कोटींहून जास्त पौंड. तहान लागल्यावर विहीर खणायची, तीही हिवाळ्यात, जेव्हा विकणाऱ्याला तुमची गरज माहीत असते आणि तो भाव चढवतो. शिवाय युएफाच्या नियमाने चॅम्पियन्स लीगच्या लीग टप्प्यानंतर यादीत फक्त तीन नवी नावं घालता येतात, म्हणजे चौथा युरोपसाठी निरुपयोगी. सरावाचे आठवडे नाहीत, प्री-सीझन नाही. खुसानोव्हला चेल्सीविरुद्ध थेट उतरवला आणि तिसऱ्याच मिनिटाला त्याच्या चुकीतून गोल झाला. वीस वर्षांचा पोरगा, नवा देश, नवी भाषा. त्याच रात्री त्याला ‘फ्लॉप’ ठरवणाऱ्यांचाही राग येतो. सिटी तो सामना ३-१ ने जिंकली होती, हे त्यांच्या लक्षातही नाही.

लहान स्क्वॉड हवा, या ग्वार्डिओलाच्या मागणीत तथ्य आहे, हेही स्पष्ट सांगायला हवं. सामन्याला ११ अधिक ९ राखीव, म्हणजे २० जण. बाकीचे प्रेक्षकांत बसतात, कुरबुरतात, सरावाचा दर्जा खाली जातो. मे २०२५ मध्ये त्याने स्क्वॉड मोठा ठेवला तर मी राहणार नाही इतपत सुनावलं, ते उगाच नाही. पण वीस जणांतही दोन सहा नंबर बसतात! वादाचा मुद्दा संख्या नाहीच, त्या वीस जागा कुणाला दिल्या हा आहे.

विंडो बंद होण्याआधी दहा मिनिटं काढून कुणीही हे तपासू शकतं. अकरा जागा लिहा, प्रत्येकीसमोर दोन नावं. एक नाव एकदाच; स्टोन्सला सेंटरबॅक आणि सहा नंबर अशा दोन्हीकडे लिहून ‘पर्याय आहेत की’ म्हणणं ही नेहमीची फसवणूक. मग तिशी गाठलेल्यांखाली रेघ मारा. लीगचा पूर्ण हंगाम म्हणजे ३,४२० मिनिटं. ज्याने ३,००० च्या आसपास खेळून वर उन्हाळ्यात युरो किंवा कोपा खेळली, त्याच्याखाली दुसरी रेघ. स्नायूच्या दुखण्याने सतत बाहेर असणाऱ्याखालीही एक. ज्या जागेवर दोन्ही नावांखाली रेघा आहेत तिथे माणूस हवा, आणि ती जागा गोलकीपर, सेंटरबॅक, सहा किंवा नऊ (स्ट्रायकर) असेल तर आजच हवा. शेवटी कोटा बघा: २५ च्या यादीत इंग्लंड-वेल्सच्या क्लबांबाहेर घडलेले खेळाडू जास्तीत जास्त १७, एकवीस वर्षांखालचे वेगळे. ऑगस्ट २०२४ मध्ये सहा नंबरसमोर रॉड्री आणि कोव्हाचिच: एक थकलेला, एक तिशीचा. दोघांखाली रेघ. यासाठी कोचिंगचं लायसन्स लागत नाही.

आता दुसरी टोळी: ‘हाकला त्याला’. सिटीच्या अकादमीतला कोल पामर चेल्सीला जाऊन पहिल्याच लीग हंगामात २२ गोल मारतो, की झाले सुरू. अकादमीच्या खेळाडूची खरेदी किंमत शून्य, त्यामुळे ते चार कोटी पौंड हिशेबात जवळपास सगळेच नफा, हे त्यांना समजून घ्यायचं नाही. दुसऱ्या संघात पहिल्या दिवसापासून खेळायला मिळालं म्हणून तो फुलला, हेही नाही. तो व्यवहार वाईट होता असं म्हणायचं तर म्हणा, माझंही तेच मत आहे. पण ज्या माणसाने स्टोन्सला मिडफिल्डमध्ये नेऊन ट्रेबल जिंकली, हक्काचा नऊ नंबर नसताना २०२१-२२ ची लीग काढली, त्याला दोन महिन्यांत घरी पाठवायचं? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. तो हंगामही अखेर तिसऱ्या स्थानावर, ७१ गुणांवर संपला.

हाकलण्याची हौस काय करते हे गोव्याच्या चाहत्यांना विचारा. २०२० च्या जानेवारी अखेरीस इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाने प्रशिक्षक सर्जिओ लोबेराला काढलं तेव्हा संघ गुणतक्त्यात पहिला होता, लीगचे तीन सामने बाकी होते. त्याच्या जागी आलेल्या क्लिफर्ड मिरांडाने शील्ड (गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्याला मिळणारी) पूर्ण करून दिली, ते त्याचं श्रेय. पण लोबेरा गेला सिटीच्याच मालकांच्या मुंबई सिटीत, आणि त्याच्यापाठोपाठ मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमूस, मंदार राव देसाई. तेव्हा नियम होता सात परदेशी, मैदानावर पाच. एवढ्या तुटपुंज्या जागांतही त्याने नऊ नंबरसाठी दोघं ठेवले, ल फाँड्र आणि ऑग्बेचे. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यावरच्या अंतिम सामन्यात ९० व्या मिनिटाला ऑग्बेचेने चेंडू दिला, बिपिन सिंगने गोल केला, आणि शील्डपाठोपाठ ट्रॉफीही मुंबईला गेली. सात परदेशी खेळाडूंत जे जमलं, ते जगातल्या सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी एकाला का जमू नये, एवढंच तर विचारतोय. त्यावर ‘तुला काय कळतं’ म्हणणाऱ्यांनी आधी खेळाडूचं नाव सांगावं.