एआयकडे चुकीची उत्तरं मागा

शिक्षकांनी एआय वापरायचं म्हटलं की गाडी पाठ टाचण आणि प्रश्नपत्रिकेवर येऊन थांबते. ती कामं होतात, वेळही वाचतो, त्याबद्दल वाद नाही. पण चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांपैकी काहीही वापरत असाल, तरी त्याचा सगळ्यात मोठा उपयोग मला दुसरीकडेच दिसतो. मुलं कुठे चुकतील आणि का चुकतील, याचा अंदाज वर्गात पाऊल ठेवण्याआधी बांधता येतो.

दशांश अपूर्णांक घ्या. ०.४५ आणि ०.६ यांत मोठी संख्या कोणती, असं विचारलं की बरीच मुलं ०.४५ म्हणतात, कारण मनात ४५ आणि ६ यांची तुलना चाललेली असते. ही चूक आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पण काही मुलांचा घोळ नेमका उलटा असतो. दशांशचिन्हापुढे जितके जास्त अंक तितके तुकडे बारीक, म्हणजे संख्या लहान, असं त्यांनी धरून ठेवलेलं असतं. ही मुलं वरच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर देतात, आणि आपण निश्चिंत होऊन पुढचा धडा घेतो. त्यांनाच ०.४५ आणि ०.४ विचारून बघा, ती ०.४ मोठी म्हणतील. म्हणजे बरोबर उत्तराच्या आडही गैरसमज लपतो, आणि तो बाहेर काढणारा प्रश्न सुचायला वेळ लागतो. तो वेळ रोजच्या धबडग्यात मिळत नाही.

इथे एआयला असं सांगा: “इयत्ता पाचवी, दशांश अपूर्णांकांची तुलना. चार पर्यायांचे सहा प्रश्न दे. प्रत्येक चुकीचा पर्याय एका ठरावीक गैरसमजातून आलेला हवा. तो गैरसमज कोणता, हे पर्यायासमोर लिही.” आलेल्या प्रश्नांतले काही टाकाऊ असतील, एखाद्याचं उत्तरच चुकलेलं असेल. ही साधनं पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज घेत मजकूर रचतात, त्यामुळे चुकलेली गोष्टही तितक्याच आत्मविश्वासाने मांडतात. प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवून बघितल्याशिवाय फळ्यावर लिहू नका. पण जे प्रश्न टिकतात ते वर्ग उघडा करून दाखवतात. कोणी कोणता पर्याय निवडला एवढ्यावरून कोणाला काय समजवायचं ते कळतं.

ही कल्पना काही एआयची नव्हे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड हेस्टेनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली बल आणि गती या विषयावर अशीच चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यातले चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या खऱ्या समजुतींवरून घेतलेले होते. गणितं बिनचूक सोडवणारे विद्यार्थीही तिथे अडखळले. तशी चाचणी पारखून घ्यायला अभ्यासकांची मेहनत लागते, ती आजही लागेल. पण उद्याच्या तासापुरता कच्चा आराखडा आता कुठल्याही शिक्षकाला एका संध्याकाळी करता येतो, आणि याचं मला मनापासून अप्रूप आहे.

याच्याच पुढची पायरी म्हणजे एआयला विद्यार्थी व्हायला सांगणं. “तू सातवीत आहेस. पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा येतो, असं तुला ठाम वाटतं. मी समजावेन, पण पटल्याशिवाय हो म्हणू नकोस, उलट शंका विचार.” शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण नाहीतर तो लगेच मान डोलावतो. मग आपला मुद्दा मांडून बघायचा: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आणि तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा असतो. त्यावर येणाऱ्या शंकांमधून आपल्या स्पष्टीकरणातली गळती दिसते. कललेल्या अक्षाची आकृती आधी काढायची की नंतर, हे असं बोलून बघितल्यावरच ठरवता येतं.

बाकीचे उपयोग सोपे आहेत. एकच उतारा तीन पातळ्यांवर लिहून घेणं, पालकांसाठी सूचना नीट शब्दांत मांडून घेणं, वगैरे. मराठीत मागितलेला मजकूर अनेकदा भाषांतरासारखा कडक येतो. चांगल्या मराठीतला एखादा परिच्छेद नमुना म्हणून दिला की बराच फरक पडतो.

मुलांच्या वह्या मात्र मी एआयकडे सोपवणार नाही. कोण कुठे अडलंय हे वही वाचतानाच शिक्षकाला कळतं, ते वाचणं दुसऱ्याला दिलं की मूल आपल्याला कळेनासं होतं. मुलांची नावं, गुण, घरची परिस्थिती यांतलं काहीही एआयच्या चौकटीत टाकू नका. आणि “हा निबंध एआयने लिहिलाय” असं सांगणाऱ्या साधनाच्या भरवशावर कुठल्याही मुलावर आरोप करू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचंच असं साधन अचूकता कमी असल्यामुळे जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं.

मुलांच्या हाती एआय द्यावा का, यावर तुर्कस्तानातला एक प्रयोग प्रत्येक शिक्षकाने माहीत करून घ्यावा. माध्यमिक शाळेतल्या जवळपास हजार विद्यार्थ्यांना गणिताच्या सरावासाठी एआय दिला गेला. साधा चॅट वापरणाऱ्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, पण तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ज्यांना एआय मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ती १७ टक्क्यांनी खाली आली. दुसऱ्या गटाला उत्तर न देता फक्त इशारे देणारा एआय मिळाला होता. सरावात त्यांनी १२७ टक्क्यांची झेप घेतली आणि परीक्षेतलं ते नुकसानही जवळजवळ टळलं. त्या दुसऱ्या एआयला प्रत्येक गणिताबरोबर शिक्षकांच्या सूचना पुरवलेल्या होत्या: बरोबर उत्तर काय, मुलं हमखास कुठे चुकतात, आणि तिथे इशारा कसा द्यायचा.

म्हणून वर्गात सापडलेल्या चुकांची धडावार यादी आजपासूनच ठेवायला लागा. पुढे मुलांसाठी असा मदतनीस तयार करायची वेळ आली, तर त्याला पहिली सूचना म्हणून हीच यादी द्यावी लागेल.